स्वतःच्या इच्छेने

"गाडी गेली. आता विमा कशाचा ठेवायचा?" असं म्हणत पाटोळे सिस्टर माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या, तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि मी चहाची वाट बघत होतो.

ही नगरची गोष्ट. स्टेशन रोडला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमच्या विमा कंपनीची शाखा होती. कोणी गाडीचा विमा मुदतीआधी बंद करायला आलं की त्याला माझ्याकडे पाठवत. मी सव्वीस वर्षांचा होतो. नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं, पण अजून कायम झालो नव्हतो.

सिस्टरांना मी पहिल्यांदाच पाहत होतो, पण त्यांचं नाव नगरमध्ये बऱ्याच जणांना माहीत होतं. पस्तीस वर्षं त्यांनी दवाखान्यात नर्स म्हणून काम केलं. निवृत्त झाल्यावर एक जुनी मारुती घेतली आणि आजूबाजूच्या गावांतल्या बाळंतिणींना बघायला स्वतः चालवत जायच्या. लग्न केलेलं नव्हतं. सत्तरी ओलांडली होती. पांढरी सुती साडी, केस घट्ट मागे बांधलेले, आणि बसल्या की पाठ खुर्चीला टेकायची नाही.

माझ्याशी बोलताना मात्र त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. माझ्या ते लक्षात आलंय हे त्यांना कळलं असावं.

"मधलं दिसत नाही मला," त्या म्हणाल्या. "मधोमध काळा डाग आहे, फक्त कडेचं दिसतं. म्हणून तुझ्याकडे बघायचं तर मला कॅलेंडर बघावं लागतं. असल्या डोळ्यांनी गाडी चालवायची म्हणजे लोकांची पोरं मारायची. दिली तंत्रशाळेला. पोरं इंजिन उघडायला शिकतील."

"विकली नाही?"

"वीस वर्षांची गाडी कोण घेणार? आणि घेतली असती तरी हाल केले असते तिचे. त्यापेक्षा पोरांनी उघडलेली बरी." त्या हसल्या. "तर किती परत मिळतील?"

मी संगणकात पाहिलं. बेचाळीसशे रुपये भरलेले. पाच महिने बारा दिवस झालेले, म्हणजे आमच्या कपातीच्या तक्त्यात सहावा महिना.

"बाराशे साठ, सिस्टर."

"बाराशे?"

"मधेच बंद केला की कपात असते. सहाव्या महिन्यात सत्तर टक्के."

"निम्मं वर्षसुद्धा वापरला नाही आणि सत्तर टक्के कापणार?"

हा प्रश्न मला रोज कोणी ना कोणी विचारायचं. त्यावर माझं उत्तर तयार असायचं, आणि खरं सांगायचं तर ते द्यायला मला आवडायचंही. ते ऐकलं की लोक गप्प व्हायचे.

"असं बघा सिस्टर. तुम्ही इथून पुण्याचं एसटीचं तिकीट काढलंत आणि मधेच शिरूरला उतरलात. कंडक्टर उरलेले पैसे देतो का?"

त्यांनी खरोखर विचार केला. "नाही देत."

"मग तसंच आहे हे."

"तसं कसं? मी उतरले तरी एसटी पुण्याला जातेच. माझी जागा रिकामी घेऊन तिला जावं लागतं. डिझेल जळतं, ड्रायव्हरचा पगार लागतो. इथं माझी गाडी कुठं जाणार आहे? तिचं इंजिन टेबलावर मांडलंय पोरांनी. पुढच्या साडेसहा महिन्यांत तिला अपघात व्हायचा कसा? तुमची जबाबदारी संपली, मग तिचे पैसे कसे ठेवून घेता?"

मागच्या बाकावर बसलेले दोघं हसले. ते मला लागलं.

"पॉलिसी काढायचा खर्च असतो सिस्टर. एजंटचं कमिशन असतं, छपाई असते."

"तो घ्या की! तो किती झाला ते सांगा आणि तेवढा कापा, मी हूं की चूं करणार नाही. पण सत्तर टक्के छपाई?"

"नियम आहे," मी म्हणालो. "मी केलेला नाही."

"ते माहीत आहे रे. तुझ्यावर नाही मी चिडत." त्यांनी मांडीवरची काळी पर्स उघडली, चाचपून घडी केलेला एक कागद काढला. "तंत्रशाळेचे कदम सर म्हणाले, हे दाखवा. आरटीओचं पत्र आहे, गाडीची नोंदणी रद्द केल्याचं. यानं काही फरक पडतो का बघ."

मी पत्र वाचलं. फरक पडत होता.

आमच्या अर्जावर विमा बंद करण्याचं कारण लिहायला दोन चौकोन होते. एक 'वाहनाची नोंदणी रद्द'. त्यात कपात नव्हती, नोंदणी रद्द झाल्या तारखेपासून उरलेल्या दिवसांचा सरळ हिशेब करून पैसे द्यायचे. दुसरा 'स्वतःच्या इच्छेने'. त्याला तक्ता लागायचा. सिस्टरांच्या बाबतीत दोन्हींमधला फरक अकराशे चाळीस रुपयांचा होता.

शाखेचे मॅनेजर पटारे साहेब यांच्या केबिनबाहेर एक फळा होता. कोणत्या शाखेनं महिन्यात किती पैसे परत दिले ते त्यावर लिहिलेलं असायचं. ज्यांनी कमी दिले ते वर. पटारे साहेबांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "निमसे, कोणत्या चौकोनात खूण करायची ते गिऱ्हाइकाला कळत नाही. आपल्याला कळतं." ते एवढंच म्हणाले होते. बाकीचं मी माझं मी शिकलो होतो. त्या दिवशी मला काही मोह पडला, मन खाऊ लागलं, असं काही झालं नाही. नेहमीसारखं हाताला आलं तसं केलं.

"हा मूळ कागद आहे सिस्टर," मी म्हणालो. "असा कुठं देत जाऊ नका, हरवेल. तुमच्याकडेच ठेवा." आणि उठून, त्यांच्या बाजूला जाऊन, पत्र त्यांच्या पर्सच्या मागच्या कप्प्यात ठेवलं आणि चेन लावून दिली.

"देवाची कृपा असो तुझ्यावर," त्या म्हणाल्या. "अर्ज वाचून दाखवतोस का?"

मी अर्ज भरला आणि वाचून दाखवला. नाव, पत्ता, गाडीचा नंबर, पॉलिसीचा नंबर, बँकेचं खातं. कारणाची ओळ सोडून सगळं वाचलं. त्यांनी मान वाकडी करून, कोपऱ्यातून बघत, हळूहळू सही केली. जिन्यापर्यंत मी त्यांना सोडायला गेलो. परत आलो तर चहा निवला होता.

त्यानंतर महिना गेला असेल. नाताळच्या आधीचा आठवडा होता. पटारे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आत सिस्टर बसल्या होत्या आणि त्यांच्याशेजारी पंचेचाळिशीची एक बाई. ती त्यांची भाची सुनीती, श्रीरामपूरला शाळेत शिक्षिका होती. सुट्टीत मावशीकडे आली होती आणि आलेलं टपाल वाचून दाखवताना चेकसोबतचं पत्र तिनं वाचलं होतं.

"यात लिहिलंय, विमाधारकाने स्वतःच्या इच्छेने विमा बंद केला," सुनीतीताई म्हणाल्या. "मावशी म्हणते, तिनं नोंदणी रद्द झाल्याचं पत्र दिलं होतं."

"दिलं होतं," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "या मुलाच्या हातात दिलं. यानं वाचलं. मग म्हणाला, तुमच्याकडेच ठेवा. मला पैशाचं एवढं नाही साहेब. पण मी एक सांगितलं आणि कागदावर दुसरंच आलं, हे कसं झालं तेवढं समजू दे."

पटारे साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय निमसे? पत्र दाखवलं होतं का यांनी?"

तेव्हा मी 'हो' म्हणू शकलो असतो. चुकून दुसऱ्या चौकोनात खूण झाली म्हणालो असतो, तरी भागलं असतं. पण कायम होण्याची यादी जानेवारीत लागायची होती, आणि पटारे साहेब ज्या नजरेनं बघत होते तीत कोणतं उत्तर हवंय ते स्पष्ट होतं.

"नाही सर," मी म्हणालो. "पत्र दाखवलं असतं तर मी अर्जाला जोडलंच असतं ना."

सिस्टरांनी मान वळवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघायला लागल्या. "नाही दाखवलं?"

"नाही सिस्टर. तुम्ही म्हणालात, आता मला चालवायची नाही, बंद करून टाका. घाईत होता तुम्ही. सकाळी आला होतात, अकरा वाजता."

"दुपारी आले होते मी."

"सकाळी, सिस्टर."

हे मी का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. त्याची काही गरज नव्हती. एक खोटं बोललो होतो, ते पक्कं बसावं म्हणून तोंडून आणखी एक निघालं. पण त्या 'सकाळी'नं काम केलं. सिस्टरांच्या कपाळावर आठी पडली. ओठ हलले. मनातल्या मनात त्या तो दिवस पुन्हा लावून बघत असाव्यात.

"मावशी, पर्स बघू," सुनीतीताई म्हणाल्या. पुढचे कप्पे पाहिले, मग मागची चेन उघडली. पत्र तिथंच होतं, घडी न मोडलेलं.

"मागच्या कप्प्यात मी कधी काही ठेवत नाही," सिस्टर म्हणाल्या.

"ठेवलं असशील. द्यायचं म्हणून घेतलंस आणि द्यायचं राहून गेलं."

"यानं वाचलेलं मला आठवतंय, सुनीती. हा उठून माझ्या बाजूला आला होता."

पटारे साहेब पेपरवेट फिरवत होते. मी फरशीकडे बघत होतो. सिस्टर ते पत्र बोटांनी चाचपत बराच वेळ बसल्या.

"असेल," शेवटी त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं असेल." आणि मग माझ्या दिशेनं, म्हणजे खिडकीकडे बघत, "तुझ्यावर उगाच आळ घेतला बाबा. मनात ठेवू नकोस. माफ कर मला."

"काही हरकत नाही, सिस्टर," मी म्हणालो.

त्या दोघी जिना उतरत असताना मी वरच्या पायरीपाशी उभा होतो. सुनीतीताई म्हणत होत्या, "डोळ्यांचं ठीक आहे मावशी, त्याला इलाज नाही. पण आता हेही सुरू झालं. एकटी किती दिवस राहणार आहेस? आता तरी ऐकशील का माझं?" वर येताना त्यांनी कठड्याला हात लावला नव्हता म्हणून शिपाई कौतुक करत होता. उतरताना त्या दोन्ही हातांनी कठडा धरून उतरल्या.

पटारे साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. जानेवारीत मी कायम झालो. आईनं पेढे वाटले.

मार्चमध्ये तंत्रशाळेचे कदम सर त्यांच्या स्कूटरचा विमा भरायला आले. बोलता बोलता मी उगाच विचारलं, पाटोळे सिस्टरांची गाडी पोरांना उपयोगी पडतेय का.

"गाडी पडतेय हो," ते म्हणाले. "सिस्टरच नाहीत आता. भाचीनं श्रीरामपूरला नेलं. घर फेब्रुवारीत विकलं."

"का?"

"खचल्याच एकदम. डोळे गेले तेव्हा बाई हलली नव्हती. उलट दर मंगळवारी त्यांच्या ओट्यावर बायका जमायच्या, बीपी बघायला. कान पक्के होते सिस्टरांचे, शेजारची पोरगी काटा वाचायची आणि या ऐकायच्या. कुणाची कोणती गोळी, कुणाला कितवा महिना, सगळं तोंडपाठ. ते सगळं एका दिवसात बंद केलं. म्हणाल्या, आता माझ्या डोक्याचा भरवसा नाही, चुकीच्या बाईला चुकीचं सांगितलं तर?" कदम सरांनी पावती खिशात घातली. "तुमच्याच ऑफिसात काही तरी झालं म्हणे. कागद दिला असं त्यांना ठाम आठवत होतं, आणि दिलाच नव्हता. पर्समध्येच निघाला. तेव्हापासून त्यांनी स्वतःवरचा विश्वासच सोडला."

मी काय बोललो ते आठवत नाही. कदम सर गेल्यावर मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभा राहिलो. अकराशे चाळीस रुपये कापले, एवढंच मी आजवर धरून चाललो होतो. दुसरं काय घेतलं होतं ते मला त्या दिवशी कळलं.

तरीही जायला मी तीन आठवडे लावले. एका रविवारी सकाळी, कदम सरांकडून पत्ता घेऊन, श्रीरामपूरची एसटी पकडली. खिशात पाकीट होतं, त्यात अकराशे चाळीस रुपये. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होतो. गैरसमज झाला, गडबड झाली, माझ्याकडून राहून गेलं. राहुरीपर्यंत यांतलं कोणतं वापरायचं ते ठरलं नव्हतं.

सुनीतीताईंचं घर शाळेच्या मागच्या वसाहतीत होतं. सिस्टर व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर मटारच्या शेंगांचं ताट. या खेपेला पाठ खुर्चीला टेकलेली होती. हातापायांनी बारीक झाल्या होत्या.

"सिस्टर," मी म्हणालो.

शेंग सोलणारा हात थांबला. "निमसे ना तू? विमा ऑफिसचा?"

दोनदा ऐकलेला आवाज, तोही चार महिन्यांपूर्वी. एका शब्दावरून त्यांनी ओळखला. जुळवलेली सगळी वाक्यं माझ्या डोक्यातून गेली.

"सिस्टर, तुम्ही पत्र दिलं होतं."

त्यांनी मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी तुम्ही मला आरटीओचं पत्र दिलंत. मी वाचलं. नंतर साहेबांसमोर खोटं बोललो."

"मग माझ्या पर्समध्ये कसं आलं?"

"मीच ठेवलं. मागच्या कप्प्यात. चेन लावली."

"तू उठून माझ्या बाजूला आला होतास."

"हो."

"मी किती वाजता आले होते?"

"साडेतीनला. दुपारी."

त्यांनी ताट खाली ठेवलं. दाणे जमिनीवर घरंगळले. "सुनीती!" त्यांनी हाक मारली. तो आवाज दवाखान्यातला असावा, वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला जाणारा. सुनीतीताई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या, मला बघून दारातच थांबल्या.

"सांग पुन्हा," सिस्टर मला म्हणाल्या. "मोठ्यानं सांग. हिला ऐकू दे."

मी पुन्हा सांगितलं. पत्राचं, कप्प्याचं, दुपारचं. आपल्याच तोंडून तेच दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा किती तरी जड गेलं. सुनीतीताई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत होता.

"मी हिला नगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही, कोणाशीच नाही. "विसरण्यावरच्या गोळ्या चालू आहेत तीन महिने. मी स्वतः देते. ही म्हणायची, अगं मला सगळं आठवतंय, आणि मी म्हणायचे, मावशी, तुला तसं वाटतं." मग एकदम माझ्याकडे वळल्या. "घर विकलं आम्ही तिचं! कळतंय का तुम्हाला? जानेवारीत आला असतात तरी चाललं असतं!"

"सुनीती, थांब," सिस्टर म्हणाल्या.

त्या रडतील असं मला वाटलं होतं, किंवा मला हाकलतील. दोन्ही केलं नाही. तोंडानं हळूहळू काही तरी पुटपुटत होत्या. मला वाटलं प्रार्थना असेल. जरा वाकून ऐकलं तर नावं होती. "हिराबाईला सकाळी अर्धी. लताला जेवणानंतर. शेवंताच्या सुनेला एप्रिलची तारीख." मंगळवारच्या बायका होत्या त्या. सगळ्या होत्या, ओळीनं.

मी खिशातून पाकीट काढलं. "सिस्टर, हे अकराशे चाळीस. तुमचे."

"कंपनीनं दिले?"

"नाही. माझे आहेत."

"मग माझे कसे?" त्यांनी हात मागे घेतला. "तुझ्या पगाराचे पैसे घेऊन मी काय करू? ज्यांनी घेतले त्यांनी द्यावेत. आणि का घेतले होते ते लिहून द्यावं. पैसे नाही दिले तरी एक वेळ चालेल. कागद दे."

"देतो," मी म्हणालो.

"ये मग आता."

मी पायरी उतरत असताना सुनीतीताई खाली बसून दाणे गोळा करत होत्या. मला कोणी पाणी विचारलं नाही, आणि ते योग्यच होतं.

सोमवारी मी पटारे साहेबांना सांगितलं. सगळं नाही. पाटोळेंच्या अर्जात चूक झाली आहे, फरक द्यायला हवा, एवढंच म्हणालो. ते हुशार होते. दार लावून घेतलं.

"काय लिहिणार आहेस?"

"जे झालं ते."

"एक अर्ज उघडलास की बाकीचेही उघडतील. तुझ्या हातचे किती आहेत माहीत आहे? मी मोजलेत. एकसष्ट. सगळ्यांवर अक्षर तुझं आहे, माझं एकाही कागदावर नाही." ते खुर्चीत बसले. "म्हातारीला पैसे द्यायला माझी ना नाही. 'कारकुनी चूक' असं लिही, मी सही करतो. तिचे पैसे तिला मिळतील, तुझी नोकरी तुझ्याकडे राहील. कोणाचं काय बिघडलं?"

मी टेबलाशी येऊन बसलो. कोरा कागद घेतला. दोन ओळी लिहिल्या, फाडल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसून होतो. मग लिहिलं: 'आपल्या विमा रद्द करण्याच्या अर्जातील कारणाची नोंद कारकुनी चुकीमुळे अयोग्य झाली होती. फरकाचा धनादेश सोबत जोडला आहे. तसदीबद्दल दिलगीर आहोत.' पटारे साहेबांनी सही केली. चेक गेला.

दहा-बारा दिवसांनी ऑफिसच्या फोनवर सुनीतीताईंचा आवाज आला.

"चेक मिळाला. मावशीला पत्र वाचून दाखवलं."

"बरं," मी म्हणालो.

"ती विचारते आहे, कारकुनी चूक म्हणजे कोणाची?"

ऑफिसात गर्दी होती. माझ्यासमोरच्या खुर्चीवर एक गृहस्थ अर्ज घेऊन बसले होते. शेजारच्या टेबलावरचा सहकारी माझ्याकडे बघत होता. पटारे साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. मी रिसीव्हर तोंडाजवळ घेतला आणि हळूच म्हणालो, "माझी."

"काय म्हणालात? ऐकू आलं नाही."

"माझी."

तिकडे खरखर झाली. मग फोन दुसऱ्या हातात गेला.

"एवढंच लिहायचं होतं रे," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

समोरचे गृहस्थ म्हणाले, "साहेब, माझं बघता का जरा?" मी त्यांचा अर्ज ओढून घेतला. कारणाच्या ओळीवर पेन टेकवलं आणि त्यांना विचारलं की ते विमा कशासाठी बंद करतायत. ते सांगायला लागले. मला त्यांचा एकही शब्द कळत नव्हता. कान इतके तापले होते, की मला त्यांना सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावावं लागलं.